न आलेले

लातुरात बार्शी रोडच्या आतल्या अंगाला, बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या मागं, एका संस्थेचं मनोविकाराचं केंद्र आहे. आठवड्यातून दोन दिवस तिथं डॉक्टर बसतात आणि गोळ्या जवळजवळ फुकट मिळतात. गावाकडची माणसं त्याला सरळ ‘डोक्याचा दवाखाना’ म्हणतात. भुजंग तिथं कंप्युटर ऑपरेटर होता.

तो मूळचा अहमदपूरकडचा. थोरल्यानं शेत बघायचं आणि धाकट्यानं नोकरी, असं घरात कुणी न बोलताच ठरून गेलेलं. भुजंग बी.ए. झाला, कंप्युटरचा कोर्स केला, दोन-चार ठिकाणी टायपिंग करून शेवटी इथं चिकटला. बायको तारामती अंगणवाडीत होती. मूलबाळ नव्हतं. त्याचं दुःख दोघांनी करून झालं होतं, आता ते त्याबद्दल बोलत नसत. भुजंग तसाही कमीच बोलायचा. हिशेबी नव्हे, घुमा. मनात एखादी गोष्ट गेली की ती तिथंच मुरत राहायची.

केंद्र नवं होतं तेव्हा पहिल्या डॉक्टरांनी त्याला बोलावून सांगितलं होतं, “भुजंग, जे आले त्यांची फिकीर मी करतो. जे आले नाहीत त्यांची नावं तू मला दे. या आजारात माणूस गोळी सोडतो आणि घरच्यांना वाटतं तो बरा झाला.”

तोवर भुजंग अ‍ॅक्सेस नावाच्या प्रोग्रॅमच्या फाइलीत फक्त नावं भरत होता. एका टेबलात रुग्ण, दुसऱ्यात त्यांच्या भेटी. डॉक्टरांच्या त्या बोलण्यावर तो इंग्रजी पुस्तक समोर घेऊन बसला आणि अडखळत अडखळत पहिली क्वेरी केली. क्वेरी म्हणजे फाइलीला विचारून ठेवलेला प्रश्न. एकदा नीट लिहून ठेवला की पुन्हा लिहायला नको. नावावर दोनदा क्लिक केलं की फाइल त्या दिवसाचं उत्तर देते. त्याचा प्रश्न असा होता: ज्यांची परत यायची तारीख उलटून आठवडा झाला आणि तरी जे आले नाहीत, ते कोण? त्या क्वेरीला त्यानं नाव दिलं ‘न आलेले’.

पुढं अशा पुष्कळ क्वेऱ्या झाल्या. गोळ्यांच्या साठ्याच्या, तालुक्यांच्या, अहवालाच्या. दर जानेवारीत तो नव्या वर्षाची नवी फाइल करायचा. जुनी फाइल पडद्यावरच्या एका खिडकीत उघडायची, नवी दुसऱ्या, आणि सगळ्या क्वेऱ्या उचलून इकडून तिकडं चिकटवायच्या. तारखा बदलायच्या, माणसं बदलायची, प्रश्न तेच राहायचे. टेबलं दोन्हीकडं सारखीच असल्यानं चिकटवलेली क्वेरी लगेच चालायची. रकान्यांची नावं वेगळी असली तर अडचण येऊ शकते हे त्याला पुस्तकातून ठाऊक होतं, अनुभवानं नव्हतं.

सोमवारी सकाळी ‘न आलेले’ उघडायचं आणि फोन लावायला बसायचं, हे त्याचं ठरलेलं काम. एरवी घुमा असलेला हा माणूस फोनवर वेगळाच व्हायचा.

“मावशी, दवाखान्यातून भुजंग बोलायलोय. गोळ्या संपल्या असतील न्हवं? का आला न्हाईत?”

कुणी पेरणीचं सांगायचं, कुणी लग्नाचं. कुणी म्हणायचं, देवरशाकडं नेलंय. भुजंग रागवायचा नाही. ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, “बरं, गुरुवारी येता का मग? मी हाय खिडकीपाशी.” बहुतेक माणसं यायची.

त्या फोनवरच्या माणसांत मुरुडजवळच्या वस्तीवरची पार्वतीबाई होती. नवरा वारलेला, दीड एकर रान, एक म्हैस, आणि एकुलता मुलगा हरिओम. हरिओम लातूरच्या कॉलेजात बी.एस्सी. करत असताना बिघडला होता. वसतिगृहाच्या भिंतीतून आपल्याला शिव्या देतात असं म्हणायला लागला आणि परीक्षेच्या आधीच घरी आला. गोळ्या लागू पडल्यावर माणसांत आला. म्हैस पिळायचा, मुरुडच्या डेअरीला दूध घालायचा, संध्याकाळी आईच्या आधी चूल पेटवायचा. शिक्षण मात्र पुढं झालं नाही. एसटीत एकटं बसायला तो भ्यायचा, म्हणून दर महिन्याला पार्वतीबाई त्याला घेऊन यायची. खिडकीपाशी आला की हरिओम भुजंगला विचारायचा, “सर, माझं नाव फाइलीत हाय न्हवं?” भुजंग म्हणायचा, “हाय की. पहिल्या पानावर हाय.” फाइलीला पानं नसतात, पण हरिओमला ते उत्तर आवडायचं.

एकदा पार्वतीबाई तापानं पडली आणि महिना चुकला. भुजंगचा फोन गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं गोळ्या मुरुडच्या आशाताईच्या हाती पोचत्या केल्या. तेव्हापासून पार्वतीबाईच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: आपण चुकलो तरी दवाखाना चुकत नाही.

कोरोनानंतर संस्थेच्या देणग्या आटल्या. संस्थेचं मोठं केंद्र नांदेडला होतं. दोन ठिकाणी दोन कंप्युटर, दोन ऑपरेटर कशाला, असं तिथं ठरलं. लातूरचे रुग्ण लातुरातच तपासायचे, पण कागद नांदेडला पाठवायचे आणि नोंदी तिथल्या फाइलीत करायच्या. संस्थेचे सचिव अर्जुनराव म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. माणूस भला, पण निर्णय फोनवर सांगायची सवय.

“भुजंगराव, तुम्ही नांदेडला या कायमचे. नाहीतर लातुरात गोळ्यांच्या खिडकीवर बसा. पगार तोच.”

तारामतीची अंगणवाडी लातुरात होती. भुजंग म्हणाला, “खिडकीवर बसतो.”

घरी तारामतीनं विचारलं, “वाईट वाटायलंय का?”

“कशाचं वाईट? पगार तोच हाय.”

जेवताना त्यानं भाजीत मीठ नाही म्हणून ताट सरकवलं. मीठ होतं.

फाइल तिकडं घालून द्यायला तो एक दिवस नांदेडला गेला. तिथला जुना ऑपरेटर नोकरी सोडून गेला होता, आणि रुग्णांना चिठ्ठ्या फाडून देणाऱ्या ज्ञानेश्वरीकडं आता कंप्युटरही दिला होता. तिशीतली, लोह्याकडची, कामाला वाघीण, पण अ‍ॅक्सेसचं तिला काही माहीत नव्हतं आणि तसं ती मोकळेपणानं सांगत होती.

लातूरची माणसं नांदेडच्या टेबलांत घालताना भुजंगच्या एक गोष्ट ध्यानात आली. त्याच्या फाइलीत ज्या रकान्याचं नाव ‘परत तारीख’ होतं, त्यालाच नांदेडच्या ऑपरेटरनं ‘पुढील तारीख’ असं नाव दिलेलं होतं. भुजंगनं माणसं घालताना हा रकाना त्या रकान्याशी जुळवून घेतला. सगळी नावं बिनचूक उतरली. क्वेऱ्यांमध्येही हा शब्द बदलावा लागणार, हे त्याला तेव्हाच कळलं. जेवण झालं की बदलू, असं त्यानं ठरवलं.

जेवणानंतर अर्जुनरावांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. भुजंगला शाल, नारळ आणि गुलाबाचं फूल दिलं. “भुजंगरावांनी इतकी वर्षं लातूरची आकडेवारी सांभाळली,” असं ते बोलले. कुणीतरी फोटो काढला. माणूस मेल्यावर बोलतात तसं हे बोलायलेत, असं भुजंगला वाटलं. आकडेवारी! सोमवारचे फोन त्यांच्या गावीही नव्हते. चहा पिऊन तो परत कंप्युटरपाशी आला तेव्हा डोकं गरम होतं. पडद्यावर दोन खिडक्या उघडल्या, क्वेऱ्या सगळ्या एकदम निवडल्या, उचलल्या, चिकटवल्या. डाव्या बाजूला नावांची रांग दिसायला लागली. त्यात ‘न आलेले’ही होतं. एकही उघडून पाहिली नाही. अडलं की करतील फोन, असं त्याच्या मनात आलं. त्याच्याही खाली, जिथं माणूस स्वतःला फारसं बघत नाही, तिथं असंही होतं की, अडू दे. कळू दे जरा.

“ही सोमवारी उघडायची,” त्यानं ज्ञानेश्वरीला ‘न आलेले’वर बोट ठेवून दाखवलं. “जी नावं येतील त्यांना फोन लावायचा. काही अडलं तर मला विचारा, ताई.”

“विचारते की, सर.”

तिचा फोन आला नाही.

भुजंग खिडकीवर बसायला लागला. चिठ्ठी घ्यायची, गोळ्या मोजून द्यायच्या, सकाळची कुठली, रात्रीची कुठली ते सांगायचं. काम वाईट नव्हतं. पण त्याला येणाऱ्यांपेक्षा न येणारेच जास्त दिसायचे. औशाचा एक शिंपी दिसला नाही. निलंग्याच्या दोघी बहिणी आल्या नाहीत. पार्वतीबाई आणि हरिओम एक महिना आले नाहीत, दुसराही गेला. नांदेडहून फोन गेला असंल, असं तो मनाशी म्हणायचा. आता ते त्यांचं काम.

मग संस्थेची बैठक झाली, लातुरातच. अर्जुनरावांनी तिमाहीचा अहवाल वाचला. “आणि एक आनंदाची गोष्ट. उपचार मध्येच सोडलेले रुग्ण: शून्य. एकत्र कारभाराचा हा फायदा आहे.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. भुजंगनंही दोन वाजवल्या आणि हात मांडीवर ठेवले.

शून्य कसं असेल? ते शक्यच नव्हतं. त्यानं एवढ्या वर्षांत शून्य कधी पाहिलं नव्हतं. दिवाळीनंतरच्या सोमवारी तर यादी पडद्याच्या खाली जायची. त्याला तिथंच उठून बोलता आलं असतं. पण शाल दिलेल्या माणसानं उठायचं आणि चुकलंय म्हणायचं, आणि मग चूक कुणाची हे निघायचं. तो बसून राहिला. ज्ञानेश्वरीला फोन करून विचारू, असं मनाशी म्हणाला. मग मेव्हण्याच्या घरी लग्न निघालं. मग खिडकीवर गोळ्यांचा तुटवडा आला. विचारू म्हणण्यात दिवस निघून गेले, आणि त्या सगळ्या दिवसांत ही गोष्ट त्याच्या मनातून गेली असं एकदाही झालं नाही.

एका गुरुवारी, दुपारची गर्दी ओसरल्यावर, खिडकीच्या जाळीपलीकडं पार्वतीबाई उभी होती. काठीवर भार देऊन. अंगानं अर्धी झालेली. सोबत कुणी नव्हतं.

“मावशी! अन् हरिओम कुठाय?”

“त्येच इचारायला आले, भाऊ. हितं आलता का त्यो?”

भुजंग खिडकी सोडून बाहेर आला. तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. पाणी तिनं नुसतं हातात धरलं.

गोठ्यात पाय घसरून पडली होती ती. मांडीचं हाड मोडलं. मुरुडला प्लास्टर झालं नाही, लातुरात सळई घातली, मग घरी खाटेवर. हरिओमनं सगळं केलं. आईला उठवायचा, बसवायचा, भाकरी थापायचा. त्याच्या गोळ्या संपल्या.

“मी म्हनलं, जा बाबा, घिऊन ये. त्यो एकटा जाईना. मी म्हनलं, थांब, भुजंगभाऊचा फोन येतोय. सोमवार झाला की मी फोन उशाला घिऊन पडायची. आज न्हाई तर पुढच्या सोमवारी. मला फोन उचलाया येतो, लावाया येत न्हाई. त्योच लावून द्यायचा मला.”

“मग त्याला का न्हाई लावायला सांगितलं?”

“सांगितलं की. त्यो म्हनला, आई, त्यांनीच माझं नाव काढून टाकलं असंल. मी बरा झालो असंन.” तिनं पेला बाकावर ठेवला. “मला बी तसंच वाटलं, भाऊ. दवाखान्याचा फोन येईना, म्हंजी दवाखान्याला ठावं असंल. बरा झाला असंल.”

पुढचं तिनं तुटक तुटक सांगितलं. हरिओम रात्रीचा जागायला लागला. म्हशीशी बोलायला लागला. भिंतीला कान लावून उभा राहायचा. एका सकाळी म्हैस पिळली, दूध चुलीवर ठेवलं, आणि गेला. दूध उतू जाऊन जळाल्याचा वास आला तेव्हा खाटेवर पडलेल्या पार्वतीबाईला कळलं. हाका मारून शेजारीण आली तोवर वाटेवर कुणी नव्हतं. पोलिसांत दिलं होतं. पुण्याचा पुतण्या दोन दिवस फिरून गेला होता.

“तुमी फोन का केला न्हाई, भाऊ?” तिनं विचारलं. आवाजात भांडण नव्हतं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.



दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो नांदेडला गेला. ज्ञानेश्वरी चिठ्ठ्या फाडत होती. त्यानं तिला म्हटलं, “ताई, ‘न आलेले’ उघडा बरं.”

तिनं दोनदा क्लिक केलं. पडद्यावर एक छोटी चौकट आली. वर ‘परत तारीख’ असं लिहिलेलं आणि खाली रिकामी जागा. ज्ञानेश्वरीनं काही न लिहिता ओके दाबलं. चौकट गेली आणि रिकामी यादी उघडली. एक नाव नाही.

“ही चौकट दर वेळी येती का?”

“हाव, सर. मला वाटलं असंच असतंय. ओके केलं की उघडतंय.” त्याच्या चेहऱ्याकडं बघून ती थांबली. “काय झालं, सर? माझं काही चुकलं का?”

फाइलीला ‘परत तारीख’ नावाचा रकाना सापडत नव्हता, म्हणून ती बिचारी फाइल दर सोमवारी माणसाला विचारत होती की हे काय आहे, तुम्हीच सांगा. सांगणारं कुणी नव्हतं. मग फाइल रिकामं उत्तर द्यायची, आणि त्याला शून्य म्हणून टाळ्या पडायच्या.

“तुमचं न्हाई चुकलं,” भुजंग म्हणाला. त्यानं क्वेरी उघडली, एक शब्द खोडला, दुसरा लिहिला. पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. परत चालवली. यादी भरभर खाली गेली, पडद्याबाहेर गेली. औशाचा शिंपी होता. निलंग्याच्या बहिणी होत्या. हरिओमही होता, त्याच्या वस्तीच्या नावासकट.

ज्ञानेश्वरी खुर्चीला धरून उभी होती. “एवढी माणसं?” ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. दोघांनी दोन फोन घेतले आणि वरून खाली नावं लावायला सुरुवात केली. बरेच जण सापडले. काही जण खासगी डॉक्टरांकडं गेले होते. शिंप्याच्या बायकोनं सांगितलं की ते पुन्हा दारावर टकटक ऐकायलेत, आणते उद्या. निलंग्याच्या बहिणींपैकी धाकटीनं आडात उडी घेतली होती. फोनवर तिचा भाऊ होता. “गोळ्या बंद होत्या का?” असं भुजंगनं विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं, अहवालात तो रकाना असतो. पण विचारलं नाही.

संध्याकाळी तो अर्जुनरावांच्या घरी गेला आणि सगळं सांगितलं. रकान्याचं नाव वेगळं आहे हे मला माहीत होतं, हेही सांगितलं. शाल दिली म्हणून राग आला होता, तेसुद्धा.

अर्जुनरावांनी चष्मा पुसला. “तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही,” ते म्हणाले. “तांत्रिक अडचण होती. तसंच लिहू.”

“सर, तांत्रिक न्हवती.”

“भुजंगराव, संस्था बंद पडली तर बाकीच्यांनी कुठं जायचं? घरी जा. विश्रांती घ्या.”

शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं, असं तो तारामतीला म्हणाला. तिनं विचारलं, “म्हंजी तुमचं ओझं उतरलं असतं, असंच ना?” मग तीच म्हणाली, “त्या पोराला शोधा. बाकीचं राहू द्या.”

मग शोध सुरू झाला. रविवारी आणि सुट्टीला भुजंग हरिओमचा फोटो घेऊन निघायचा. आधी लातूरचं बसस्टँड, रेल्वे स्टेशन, गंजगोलाईचा बाजार. मग औसा, उमरगा, अंबाजोगाई. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरपाशी दोन दिवस बसला, कारण हरवलेली माणसं जेवायला तिथं येतात असं कुणीतरी सांगितलं होतं. पुष्कळ माणसं आली. वाढलेल्या दाढीचा, अंगावर फाटकं पांघरूण घेतलेला प्रत्येक माणूस त्याला लांबून हरिओम वाटायचा. जवळ गेलं की दुसऱ्याच कुणाच्या तरी आईचा मुलगा निघायचा. त्यातल्या एकानं त्याचा हात धरला आणि सोडेचना. भुजंग त्याच्याजवळ बसून राहिला, मग सेवादारांनी येऊन हात सोडवला.

पावसाळा सरत आला तेव्हा ज्ञानेश्वरीचा फोन आला. भुजंगनं दिलेला हरिओमचा फोटो तिनं नातेवाइकांत, देगलूरच्या, उदगीरच्या ओळखींत फिरवला होता. उदगीरच्या एका गाडीवाल्यानं पलीकडं भालकीच्या स्टँडवर असा माणूस पाहिला होता.

भुजंग त्याच दिवशी निघाला. भालकी कर्नाटकात, पण उदगीरहून लांब नाही. स्टँडच्या कोपऱ्यात सिद्धम्मा नावाची एक बाई इडली-वड्याचा गाडा लावायची. फोटो बघताच तिनं मान हलवली.

“इदे हुडुग! हाच पोरगा,” ती म्हणाली. तिला मोडकं मराठी येत होतं. “लई शांत. इथंच बसत होता, त्या खांबाला. मी इडली दिली की खायचा. न्हाई दिली तर मागायचा न्हाई. माझ्या गाड्याला पाणी आणून द्यायचा.”

“आता कुठाय?”

“गेला. पोळ्याच्या आधी. मी गावाला गेलते चार रोज, आले तर न्हाई.” तिनं हात उडवला. “रेल्वे स्टेशनाकडं गेला म्हणतात कुणी. कुणी म्हणतात बीदर. मी पण बघितलं, अण्णा. मला पण लागला होता त्याचा लळा.”

“काही बोलायचा का? गावाचं नाव?”

“बोलायचा. भिंतीशी बोलायचा. माणसाशी कमी.”

भुजंग बीदरला गेला, तिथून गुलबर्ग्यालाही. पोलीस चौक्या, दवाखाने, स्टेशनमागचे पूल. पुढं माग लागला नाही. आजवर लागलेला नाही.

दसरा उलटल्यावर तो पार्वतीबाईच्या वस्तीवर गेला. म्हैस विकली होती. गोठ्यात सरपण रचलेलं होतं. ती उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती. त्यानं भालकीचं सगळं सांगितलं, सिद्धम्माचंही.

“म्हंजी जेवत हुता,” ती म्हणाली.

“हाव. जेवत हुता.”

“अंगावर काय हुतं?”

“बाईनं तिच्या मालकाचा सदरा दिला हुता म्हणे.”

“त्या बाईला लेकरंबाळं हायत का?”

भुजंगनं ते विचारलं नव्हतं.

ती शेंगा फोडत राहिली. मग भुजंगनं तिला रकान्याच्या नावाचं सांगितलं. एवढे दिवस ते सांगायचं राहिलं होतं. फाइल काय, क्वेरी काय, हे तिला कळावं म्हणून त्यानं फार सोपं करून सांगितलं: मला एक शब्द बदलायचा होता, मला ठाऊक होतं, मी रागात होतो, मी बदलला नाही. म्हणून तुम्हाला फोन आला नाही.

पार्वतीबाईचा हात थांबला. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. अंगणात कोंबड्या शेंगांच्या टरफलांत पाय मारत होत्या.

“कुणावर राग हुता?” तिनं विचारलं.

“साहेबांवर.”

“अन् आमचं काय?”

ती उठली, काठी टेकत घरात गेली. भुजंगला वाटलं, आपण जावं. पण न सांगता उठवेना.

ती बाहेर आली ती चहाचा एकच कप घेऊन. तो त्याच्यापुढं ठेवला आणि लांब जाऊन बसली.

“मला राग हाय तुमचा,” ती म्हणाली. “मरस्तवर राहणार. पण वस्तीवर आता कुणी त्याचं नाव काढत न्हाई. पुतण्या बी फोन करत न्हाई. म्हणतेत, गेला त्यो गेला. तुमी तेवढं नाव काढता.” मग ती म्हणाली, “येत जावा. बोलू नगासा माझ्याशी. पर येत जावा.”

त्यानंतर संस्थेनं सगळं ऑनलाइन केलं. अ‍ॅक्सेसची फाइल बंद झाली. ज्ञानेश्वरी नोकरी सोडून लोह्याला शिवणकामाचं दुकान चालवते. भुजंग खिडकीवरच आहे. महिन्यातून एका रविवारी तो मुरुडची गाडी धरतो. जाताना चहापत्ती आणि साखर नेतो, कधी गुडघ्याचं मलम. पार्वतीबाई पिशवी घेते, आत ठेवते. दोघं अंगणात लांब लांब बसतात. कधी ती तुरीचं सांगते, कधी काहीच सांगत नाही. ऊन कलायला लागलं की भुजंग उठतो आणि रस्त्याकडं चालायला लागतो.